पुली हलकी केली की स्कूटर पळते का?

प्रश्न विचारणाऱ्या भाऊंनी थोडक्यात असं लिहिलंय: ११० सीसीची गाडी, २०१९ चं मॉडेल, ४१,००० किलोमीटर झालेत. रोज मानकापूरहून बायकोला मागे बसवून सदरच्या उड्डाणपुलावरून सीताबर्डीला येतात. सपाट रस्त्यावर ठीक चालते, पण पुलाच्या चढावर गाडी दम सोडते, तीसच्या वर जातच नाही. ओळखीतल्या कोणीतरी सांगितलं, "हलकी पुली टाक, पिकअप डबल होते." तशी पुली ऑनलाइन मिळतेय, डब्यात रोलरही सोबत आहेत. घ्यावी का? आणि घेतली तर अ‍ॅव्हरेज किती पडेल?

मी नागपुरात सव्वीस वर्षांपासून स्कूटरचंच काम करतोय, त्यातली बरीच वर्षं बेल्ट कव्हर उघडण्यातच गेली. म्हणून आधी उत्तर सांगतो, मग कारण. पुली आत्ता घेऊ नका. दोन माणसं घेऊन ११० सीसीची धडधाकट गाडी त्या पुलावर पंचेचाळीस-पन्नासने चढते. तुमची तीसला अडकतेय, म्हणजे तिच्यात नवीन काही टाकण्याआधी आतलं जुनं काय झिजलंय ते शोधायला हवं. झिजलेल्या गाडीवर महागडी पुली चढवणं म्हणजे गळक्या टाकीवर नवीन नळ बसवणं.

आता वजनाचा मुद्दा. काउंटरवर कोणी 'पुलीचं वेट' म्हटलं की अर्धे लोक पुलीचं स्वतःचं वजन समजतात आणि अर्धे तिच्या पोटातल्या रोलरचं. तुमच्या ओळखीच्या माणसाचाही बहुतेक हाच घोळ झालाय. या दोन वजनांचा परिणाम अगदी वेगवेगळा आहे. एकाने गाडीचा स्वभाव बदलतो, दुसऱ्याने जवळपास काहीच होत नाही.

गाडीच्या डाव्या बाजूचं लांबट कव्हर उघडलं की पुढे एक पुली दिसते, मागे एक, आणि दोघींवर चढलेला रुंद बेल्ट. पुढची पुली थेट क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्यावर बसते, म्हणून इंजिन जेवढं फिरेल तेवढीच ती फिरते. दोन बशा पाठीला पाठ लावून धरल्या की मधे जशी खाच दिसते, तशा खाचेत बेल्ट बसतो. बाहेरची बशी जागच्या जागी पक्की असते, तिच्यावर पंख्याची पाती असतात. आतली बशी सरकते. तिच्या पाठीमागे उतार असलेली घरं असतात, त्यांत बहुतेक गाड्यांना सहा रोलर, म्हणजे छोटे गोल वजनी तुकडे असतात, आणि त्यांच्यावर झाकणासारखी रॅम्प प्लेट. इंजिन फिरायला लागलं की रोलर बाहेरच्या बाजूला फेकले जातात, उतारावर चढतात आणि सरकत्या बशीला पुढे ढकलतात. खाच अरुंद होते, बेल्ट वर चढतो. बेल्टची लांबी तेवढीच असल्यामुळे मागच्या पुलीत तो खाली ओढला जातो. पहिल्या गिअरपासून टॉपपर्यंतचा सगळा प्रवास एवढ्यातच होतो, मधे कुठे खटका लागत नाही.

प्रकार जुनाच आहे. हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ मध्ये याच तत्त्वावर बेल्टवर चालणारी मोटारगाडी आणली होती. आपल्याकडे १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली तेव्हा गिअर नसलेली स्कूटर लोकांना खेळण्यासारखी वाटायची. मी पहिला रोलर बदलला तो त्याच गाडीचा, आणि उस्तादांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं, "हिच्यात हातोडीचं काम नाही बे, वजनकाट्याचं आहे."

म्हणून आधी पुलीच्या स्वतःच्या वजनाचा हिशोब मांडू. समजा ऑनलाइनची पुली कंपनीच्या पुलीपेक्षा २०० ग्रॅमने हलकी आहे. ही मी उदार मनाने दिलेली सूट आहे, कारण बहुतेक गाड्यांची सरकती बशी आधीपासूनच अ‍ॅल्युमिनियमची असते, तिच्यातून काढण्यासारखं फारसं उरत नाही. पुलीचा व्यास साडेअकरा सेंटीमीटर धरा, इंजिन ५,००० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ५,००० फेऱ्यांवर धरा. ते २०० ग्रॅम त्या वेगाने फिरवायला साधारण ४५ जूल ऊर्जा लागते. सगळं वजन अगदी कडेवरूनच काढलं असं मानलं तरी नव्वद. आता दुसरी बाजू बघा. गाडी आणि तुम्ही दोघं मिळून २४० किलो, शून्यावरून चाळीसच्या वेगाला न्यायचे, तर १४,८०० जूलच्या आसपास लागतात. हवेचा आणि चढाचा विरोध यात धरलेलाच नाही. म्हणजे हलक्या पुलीने वाचवलं हजारातलं तीन. चाळीसला पोचायला पाच सेकंद लागत असतील, तर त्यातला दीड शतांश सेकंद वाचला. पापणी लवायलाही याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

आकडे नको असतील तर असं समजा, की हा फायदा डिक्कीतलं पाऊण किलो सामान कमी केल्याएवढा आहे. वहिनींच्या पायाशी ठेवलेली एक लिटरची भरलेली पाण्याची बाटली घरी ठेवून निघालात तर त्याहून जास्त फरक पडेल, आणि फुकट.

गिअरवाल्या मोटरसायकलवर हे थोडं वेगळं असतं. तिथे प्रत्येक गिअरला इंजिन खाली येतं, परत वर जातं, त्यामुळे क्रँकवरचं फिरणारं वजन दर वेळी आडवं येतं. स्कूटरमध्ये तसं होत नाही. पूर्ण रेस दिली की इंजिन एकदा वर जातं आणि तिथेच ठरून राहतं, वेग वाढतो तो पुलीतला बेल्ट सरकत गेल्यामुळे. कान देऊन ऐका, आवाज एकाच सुरात राहतो आणि मीटरचा काटा चढत जातो. म्हणून पुढच्या पुलीचं वजन फक्त निघतानाच्या पहिल्या क्षणात मोजायचं, नंतर नाही. उलट, हे फिरणारं वजन इंजिनाला सिग्नलवर शांत चालू ठेवायलाही मदत करतं. फार हलकं केलं की गाडी आयडलवर थरथरायला लागते.

मग तो सांगणारा माणूस खोटं बोलतोय का? नाही. त्याच्या गाडीत फरक पडलाही असेल. पण तो पडला डब्यातल्या रोलरमुळे, आणि काही वेळा त्या पुलीतल्या उताराचा कोन वेगळा असल्यामुळे. पुली चमकते, दिसते, महाग असते, म्हणून नाव तिचं होतं. काम करतात ते बोटाच्या पेराएवढे सहा तुकडे.

रोलरचं वजन मात्र खरंच मोठी चीज आहे. रोलर बशीला किती जोराने ढकलणार हे त्याच्या वजनावर आणि फिरण्याच्या वेगाच्या वर्गावर ठरतं. मागच्या पुलीची स्प्रिंग तर तेवढीच आहे, तिला दाबायला जोरही तेवढाच लागतो. मग रोलर हलका केला तर तोच जोर यायला इंजिनाला जास्त फिरावं लागतं. किती जास्त? वजन ज्या पटीत कमी केलं त्याच्या वर्गमुळाच्या पटीत. समजा तुमच्या गाडीत १६ ग्रॅमचे रोलर आहेत आणि बेल्ट ५,००० आरपीएमवर चढायला लागतो. हा आकडा उदाहरणापुरता आहे, तुमच्या गाडीचा पार्ट बुकात बघा. १५ ग्रॅम टाकले तर तीच क्रिया ५,१६५ च्या आसपास होईल, १४ टाकले तर ५,३५० ला, १३ टाकले तर साडेपाच हजारांच्या थोडं वर. एकेका रोलरमागे दोन ग्रॅम म्हणजे सहांचे मिळून फक्त १२ ग्रॅम, आणि त्याने इंजिन साडेतीनशे आरपीएम वर फिरतं. तिकडे पुलीचे २०० ग्रॅम काढून काही हाती लागत नव्हतं.

आपल्या ११० सीसीच्या गाड्यांचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, साधारण पाच-साडेपाच हजारांच्या आसपास सर्वात जास्त असतो आणि ताकद आठ हजारांच्या जवळ. चढावर कामाला येते ती ताकद. म्हणून थोडे हलके रोलर टाकले की इंजिन ताकदीच्या पट्ट्याकडे सरकतं आणि गाडी चढावर जिवंत वाटते. पण हे इंजिनातून नवीन काही काढणं नव्हे. आहे तीच ताकद कधी वापरायची, एवढंच आपण बदलतो. आणि त्याची किंमत असते.

ती किंमत मी स्वतः मोजलीय. हाताखालची पोरं हसायची म्हणून पूर्वी मी माझ्याच गाडीत एकदम हलके, मूळ वजनाच्या तीन चतुर्थांशच्याही खालचे रोलर टाकले होते. व्हरायटी चौकाच्या सिग्नलवरून गाडी अशी सुटायची की मागचे बघत राहायचे. वर्धा रोडला लागलो की मात्र पंचावन्नच्या पुढे नुसता आरडाओरडा. इंजिन किंचाळतंय आणि गाडी जागची हलत नाही. रोलरमध्ये बशीला शेवटपर्यंत ढकलायची ताकदच नव्हती, बेल्ट वरपर्यंत चढतच नव्हता, म्हणजे टॉप गिअर असूनही मला मिळत नव्हता. अ‍ॅव्हरेज लिटरमागे तीन-चार किलोमीटरने उतरलं. आणि जिला मी मागे बसवत होतो तिने आठव्या दिवशी सांगितलं, "ही गाडी तुम्हीच चालवा, माझं डोकं दुखते." परत मूळ वजनावर आलो.

याच्या उलट जड रोलर. अ‍ॅव्हरेजसाठी बरेच लोक मागतात, विशेषतः जे दिवसभर सामान किंवा जेवणाचे डबे पोचवतात. जड रोलरने बेल्ट लवकर वर चढतो, इंजिन कमी फिरतं, सपाट मोकळ्या रस्त्यावर एकटा माणूस असेल तर थोडं पेट्रोल वाचतंही. पण आपलं शहर सपाट असलं तरी उड्डाणपूल थोडे नाहीत, आणि मागे माणूस किंवा पोतं असलं की अशी गाडी चौथ्या गिअरवर चढ चढणाऱ्या मोटरसायकलसारखी गुरगुरते. मग तुम्ही मूठ जास्त पिळता आणि वाचवलेलं तिथे घालवता. माझ्याकडे जड रोलर टाकून नेलेले बरेच जण दोन-तीन महिन्यांत परत आलेत.

तेव्हा रोलर बदलायचेच असतील तर मी मूळ वजनाच्या दहा टक्क्यांच्या पलीकडे जात नाही. दहा टक्के हलके म्हणजे आरपीएम पाच टक्के वर, तेवढं कानाला आणि अ‍ॅव्हरेजला झेपतं. मधलं वजन बाजारात मिळत नसेल तर तीन एका वजनाचे, तीन दुसऱ्या वजनाचे घ्यायचे आणि एकाआड एक बसवायचे, तीन एका बाजूला आणि तीन दुसऱ्या बाजूला असं नाही. नाहीतर पुली हेलकावे खात फिरेल.

आणि पाकिटावरच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. मी इतवारीच्या सराफ्यातून शतांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा सोनाराचा छोटा काटा आणला आहे. नवीन संच आला की सहाही रोलर त्याच्यावर एकेक करून ठेवतो. एकदा एका पाकिटातून १४ लिहिलेले रोलर निघाले १३.६ पासून १४.५ पर्यंत. पाकीट तसंच परत केलं. दुकानदार म्हणाला, "भाऊ, अर्ध्या ग्रॅमसाठी कायले एवढं करून राहिले?" त्याला वर्गमुळाचा हिशोब सांगत बसलो नाही, दुसरं पाकीट घेतलं.

आता तुमच्या गाडीकडे येतो. ४१,००० वर बेल्ट आणि रोलर कधी बदलले हे तुम्ही लिहिलं नाहीये, आणि पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. म्हणून चढावर गाडी कशी वागते ते आधी नीट ऐका. या गाड्यांना आरपीएमचा काटा नसतो, कानच काटा.

मूठ पिळल्यावर इंजिनचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही, आणि पुलावरून उतरल्यावर रबर जळाल्यासारखा वास येतो, असं असेल तर काहीतरी घसरतंय. बेल्ट चकचकीत झालाय किंवा क्लच शू, म्हणजे क्लचमधले घासून पकड घेणारे तुकडे, संपलेत. अशा गाडीत हलके रोलर टाकले तर घसरणं आणखी लवकर सुरू होईल. झिजून अरुंद झालेला बेल्ट पुलीत खाली बसतो, त्याने टॉपही जातो. व्हर्नियरने, म्हणजे बारीक मापाच्या पट्टीने, बेल्टची रुंदी मोजा, कमीत कमी किती हवी ते कंपनीच्या पुस्तकात असतं.

आवाजच वाढत नसेल, इंजिन खालच्या सुरात गुरगुरत राहत असेल, तर गाडी मोठ्या गिअरमध्ये अडकलीय. इथे दोन शक्यता. एक म्हणजे रोलर. रोलर वर्षानुवर्षं एकाच जागी घासून एका बाजूने चपटा होतो, आणि चपटा रोलर गडगडत नाही, बसून राहतो. वजन केलं तर अर्धा ग्रॅमही कमी झालेलं नसतं, म्हणून काट्यावर तो पास होतो. बोटांत फिरवून बघा, नख लावलं की सपाट जागा लगेच सापडते. सोबत रॅम्प प्लेटच्या तीन कोपऱ्यांतले प्लास्टिकचे स्लाइड पीस बघा, ते खुळखुळत असतील तर तेही बदला. पाच-पंचवीस रुपयांची ही चीज लोक विसरतात.

दुसरी शक्यता मागे आहे, आणि तुमच्या बाबतीत माझा संशय तिच्यावर जास्त आहे. सपाटीवर ठीक आणि फक्त चढावर, तेही डबल सीट असताना दम सोडते, हे बारकाईने बघण्यासारखं आहे. चढ लागला की गाडीने आपोआप खालचा गिअर घ्यायला हवा. ते काम पुढचे रोलर करत नाहीत, मागची पुली करते. तिच्या नळीवर तिरक्या खाचा असतात, त्यात पिना चालतात. चाकावर भार आला की या तिरक्या खाचांमुळे मागच्या बशा एकमेकींकडे ओढल्या जातात, स्प्रिंग वरून दाब देते, बेल्ट मागे वर चढतो आणि पुढे खाली उतरतो. झाला खालचा गिअर. त्या खाचांमधलं ग्रीस वाळून गोंद झालं असेल, ओ-रिंग, म्हणजे ग्रीस आत धरणाऱ्या रबरी कड्या, गेल्या असतील, किंवा स्प्रिंग उष्णतेने बसली असेल, तर ही हालचाल होतच नाही. गाडी वरच्या गिअरमध्ये पूल चढायचा प्रयत्न करते. तुम्ही कितीही चांगली पुली पुढे टाका, मागची जाम असेल तर ती काय करणार? मागचा संच उघडला की कित्येकदा ग्रीसच्या जागी काळी खरवड निघते. पिना आणि खाचा धुऊन, ओ-रिंग बदलून, कंपनीने सांगितलेलं ग्रीस सांगितलं तेवढंच भरलं की गाडी पूल चढते. जास्त ग्रीस भरू नका, ते उडून बेल्टवर आणि क्लचवर जातं.

नागपूरचं हवामान यात स्वतःचा हात मारतं. मे महिन्यात बाहेर पारा कधीकधी ४५ अंशांच्या वर जातो, त्यात बेल्ट कव्हरच्या आत इंजिनाची उष्णता आणि बेल्टचं घर्षण. आतली हवा थंड ठेवायला पुढच्या पुलीवरचा पंखा हाच काय तो आधार. ऑनलाइनच्या काही हलक्या पुल्यांत वजन वाचवायला नेमकी हीच पाती छोटी केलेली असतात. पुण्याच्या हवेत कदाचित चालून जाईल, इथे माझा हात धजत नाही. शिवाय कव्हरमध्ये हवा जाते तिथे बऱ्याच गाड्यांत स्पंजचा फिल्टर असतो. सिमेंट रस्त्यांची कामं चालू असतात तिकडच्या गाड्यांत तो स्पंज पांढऱ्या भुकटीने लिंपलेला निघतो. तो धुऊन वाळवून लावायला पैसे लागत नाहीत. कंपनीच्या पुस्तकात बेल्टची मुदत काहीही असो, मी इथे दर २०,००० ला एकदा उघडून बघतोच.

पाण्याचंही सांगून ठेवतो. २३ सप्टेंबर २०२३ ला इथला अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, त्यानंतरच्या आठवड्यात आमच्याकडे आलेल्या कितीतरी स्कूटरच्या बेल्ट कव्हरमधून अक्षरशः गाळ निघाला. ज्यांनी तेव्हा फक्त इंजिन ऑइल बदलून गाड्या चालू केल्या, त्यांचे मागच्या पुलीचे बेअरिंग आणि पिना पुढच्या वर्षभरात बोंबलल्या. तुमची गाडी तेव्हा पाण्यात उभी होती का, हेही आठवून बघा.

एक युक्ती सांगतो, तिला खर्च एका मार्करचा. बेल्ट कव्हर उघडा, पुढच्या पुलीच्या पक्क्या बशीवर, म्हणजे खाचेच्या आतल्या बाजूला, बुडापासून कडेपर्यंत मार्करने एक सरळ रेघ ओढा. कव्हर लावा आणि मोकळ्या रस्त्यावर जोरात एक फेरी मारून या. परत उघडा. बेल्ट जिथपर्यंत चढला तिथपर्यंत शाई पुसलेली दिसेल. कडेपासून दोन-तीन मिलिमीटरपर्यंत पुसली असेल तर पुढचं काम ठीक आहे, रोलर आपलं काम पूर्ण करतात. बोटभर शाई तशीच राहिली असेल तर बेल्ट वर चढतच नाहीये: रोलर चपटे, फार हलके, किंवा बेल्ट संपलेला. रोलर बदलल्यावरही हीच चाचणी परत करा. गाडी 'मस्त वाटतेय' यापेक्षा मी त्या रेघेवर विश्वास ठेवतो.

स्वतः उघडणार असाल तर एका चुकीपासून सांभाळा. बसवताना मागची पुली हाताने फाकवून बेल्ट तिच्यात खोल दाबायचा, म्हणजे पुढे तो सैल लोंबला पाहिजे. तसं न करता पुढचा नट आवळला तर बेल्ट दोन बशांमध्ये चिमटला जातो. नट घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण तो बशीवर नाही, रबरावर घट्ट झालेला असतो. वीस-तीस किलोमीटरनंतर बेल्ट आपली जागा घेतो, नट सैल होतो, आणि बशी क्रँकच्या दात्यांवर नाचायला लागते. मग खर्च रोलरचा राहत नाही, क्रँकचा होतो. माझ्याकडे अशा गाड्या आल्यात, इंजिन पूर्ण उघडावं लागलं. नट सोडवताना पंख्याच्या पात्यांत पेचकस अडकवून पुली धरू नका, पाती तुटतात. धरायची वेगळी पट्टी मिळते, किंवा सरळ एअर गन असलेल्याकडे जा. लावताना मात्र टॉर्क पाना. रोलरची बंद कड कुठल्या बाजूला होती याचा काढण्याआधी फोटो घ्या. कंपनीने पुलीचं घर कोरडं ठेवलं असेल तर रोलरला ग्रीस लावू नका, धूळ धरून ते तिथेच बसतात.

तर तुमच्यासाठी क्रम असा: स्पंज फिल्टर, बेल्टची रुंदी, रोलर आणि स्लाइड पीस, मग मागची पुली उघडून साफ. झिजलेलं जे असेल ते कंपनीच्याच वजनाचं टाका. रोलरचा संच काहीशे रुपयांत येतो, पुलीच्या किमतीत यातलं बरंचसं होऊन जातं. यानंतरही पूल चढताना मन भरलं नाही, तर एक ग्रॅम हलके रोलर टाकून पंधरा दिवस चालवा आणि पेट्रोल टाकी फुल ते फुल मोजा. एक ग्रॅमने अ‍ॅव्हरेजमध्ये पडणारा फरक बहुतेकांना जाणवत नाही, पण तुमची मूठ किती सैल आहे त्यावर आहे. आणि हे सगळं करूनही गाडी मेलेलीच असेल तर दोष बेल्टमध्ये नाही, कॉम्प्रेशन आणि व्हॉल्व्हची सेटिंग तपासा, तो वेगळा विषय.

मार्करची फेरी मारली की त्या बशीचा फोटो इथे टाका, आणि सोबत एवढं लिहा की पूल चढताना इंजिन किंचाळते की गुरगुरते.